सोमकुवर भाऊंची दोन कार्डं

शेवटच्या वर्षी सोमकुवर भाऊंच्या दुकानात कोणी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलं की ते आधी विचारायचे, "कॉम्प्युटर ठेवता ते खोली कोणत्या दिशेची हाय?"

गिऱ्हाईक चमकायचं. "पश्चिमेची."

"वर स्लॅब हाय का टिन?"

"टिन."

"मंग बसा जरा. लंबी गोष्ट हाय."

लोधीखेड्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं तर बाहेर येऊन माझ्या काउंटरवर वाकून हळूच विचारलं होतं, "ताई, यायनं वास्तुशास्त्र कधीपासून सुरू केलं?" मला हसू आवरेना. सोमकुवर भाऊ बौद्ध माणूस, दिशा-बिशांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुकानात एक वीतभर बुद्धमूर्ती होती, तीही त्यांनी पंख्याच्या वाऱ्यात धूळ बसू नये म्हणून कोपऱ्यात ठेवली होती. ती मूर्ती आणि कॉम्प्युटरची आतली बाजू एकाच ब्लोअरनं साफ व्हायची. खोलीच्या दिशेचा प्रश्न त्यांना एका उन्हाळ्यानं शिकवला, आणि त्यात माझ्या कूलरचाही हात होता. म्हणून तो प्रश्न कानावर आला की मी मान खाली घालून झेरॉक्स काढत बसायची.

पांढुर्ण्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दुकानं एकाला एक लागून. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. अकरा वर्षं त्या प्लायवूडच्या पलीकडून मी त्यांचं खोकणं, गुणगुणणं आणि गिऱ्हाइकांशी वाद घालणं ऐकलं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा माझ्याकडे फॉर्मवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची, आणि त्या रांगेतल्या माणसांना भाऊ आपल्या दुकानात बसवून पाणी द्यायचे. त्यातला एकही त्यांचं गिऱ्हाईक झाला नाही. मी म्हणायची, "भाऊ, तुमची पाणपोई हाय का?" ते म्हणायचे, "उन्हात उभी हायत न बाप्पा माणसं."

माणूस बारीक, उंच, पांढरे केस मागे चापून बसवलेले. शर्टाच्या खिशात पेन कधी दिसला नाही, पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, दिसायचा. उमेदीची वीस वर्षं त्यांनी जिनिंगमध्ये काढली. कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या मशिनी कधी बिघडणार, हे ते पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून सांगायचे. जिनिंग बंद पडली तेव्हा वय चाळीसच्या पुढं. मग नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकले, आपल्या पोरांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून. पण सवय जिनिंगचीच राहिली. कॉम्प्युटर आला की आधी पेचकस कानाला. नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

"याच्या पंख्याची बेरिंग जाऊन राहिली," ते डोळे मिटून सांगायचे. "दोन महिने चालन."

दोन महिन्यांनी तो माणूस परत यायचाच.

दुसरी सवय वातींची. आमच्याकडे हंगामात कापसाची रुई हवेत उडते आणि जिनिंगच्या आसपासच्या घरांतल्या कॉम्प्युटरांच्या पंख्यांत जाऊन बसते. ती रुई भाऊ चिमट्यानं ओढून काढायचे आणि गिऱ्हाइकासमोर मांडीवर वळून तिची वात करायचे. मघाचा लोधीखेड्याचा व्यापारी, त्याला सगळ्यात महागडं कार्ड हवं होतं, कारण म्हणे खेळ अडकत अडकत चालतो. भाऊंनी त्याच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, रुई काढली, चांगली बोटभर लांब वात वळली आणि त्याच्या हातावर ठेवली. "हे घ्या. तुमचं नवं कार्ड निघालं." त्या माणसाला धड हसताही येईना आणि रागावताही येईना. कार्ड न घेता तो गेला आणि खेळ सुरळीत चालला. अशा वातींचा एक डबाच भरला होता. तो त्यांनी मला देवासाठी देऊ केला. मी कानावर हात ठेवले. धुळीच्या वातीचा दिवा मी देवापुढे लावणार होते थोडीच.

हे सगळं असूनही भाऊंचा धंदा कसा चालायचा, असं कोणाला वाटेल. चालायचा तो त्यांच्या शब्दावर. सौसर, मुलताईपासून खेळ खेळणारी पोरं-पोरी फोन करायची, "भाऊ, हे कार्ड घेऊ का ते?" भाऊ फोनवर कधीच उत्तर देत नसत. "माझ्या टेबलावर येऊ दे, मंग सांगतो." कंपनीनं काय लिहिलं, व्हिडिओत कोणी काय सांगितलं, त्यांच्या लेखी सगळं सारखंच. "दुसऱ्याच्या मशीनवरचा आकडा म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. त्याले बराबर दिसते, मले नाही दिसत."

त्यांची तपासणी हा आमच्या गल्लीचा करमणुकीचा विषय होता. एक खेळ त्यांनी ठरवून ठेवला होता. त्यात मोठं शहर होतं, शहरभर गोळीबार, पळापळ, पोलीस. भाऊ त्यातली एक निळी गाडी घ्यायचे, बाजारातून काढायचे, पुलावरून समुद्राकाठच्या दीपस्तंभाच्या दिव्यापर्यंत न्यायचे आणि त्याच रस्त्यानं परत आणायचे. बरोबर अकरा मिनिटं. आजूबाजूला माणसं मरून पडत आणि भाऊ लाल सिग्नलला थांबलेले असत. पोरं ओरडायची, "भाऊ, मारा न त्याले." भाऊ म्हणायचे, "मी गाडी चालवून राहिलो. मले काय केलं त्यानं?" कित्येक वर्षं तो खेळ त्यांच्याकडे होता, पण त्या रस्त्यापलीकडचं शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक कार्डाला तोच रस्ता मिळाला पाहिजे, नाही तर तुलना कसली, असा त्यांचा हट्ट. पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात, ज्याला ही मंडळी फ्रेम म्हणतात, तो आकडा कोपऱ्यात दिसायचा. भाऊ तो लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे. गावातलं कुठलंच लग्न त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.

आता कूलरचं. उन्हाळ्यात आमच्या दुकानांचा तवा होतो. माझ्याकडे मोठा लोखंडी कूलर होता, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. दोन दुकानांना दोन कूलर कशाला, म्हणून भाऊंनीच एका रविवारी प्लायवूडला टेबलाच्या उंचीवर चौकोनी झरोका पाडला. एवढा सफाईदार की मला वाटलं, दुकानं बांधली तेव्हाचाच असावा. माझ्या कूलरचा अर्धा वारा त्या झरोक्यातून पलीकडे जायचा आणि बदल्यात कूलरच्या टाकीत पाणी भरायचं काम भाऊंचं. उन्हाळ्यात सगळ्यात गार जागा त्या झरोक्यासमोर, म्हणून भाऊंनी आपलं तपासणीचं टेबल तिथंच ओढलं. हे इतकं साधं आणि सोयीचं होतं की त्यात काही चुकतंय हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ज्या उन्हाळ्यानं तो दिशेचा प्रश्न शिकवला, त्याच्या तोंडावर मार्चमध्ये नागपुरातलं एक डिझाइनचं ऑफिस बंद झालं आणि तिथली दोन कार्डं भाऊंच्या हाती लागली. ती घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, नात झाली.

प्रणाली त्याच आठवड्यात आली. सौसरजवळच्या बोरगावची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ठेंगणी, बोलायला तडफदार, आणि हाताची बोटं सतत टेबलावर चालणारी. वडिलांची संत्र्याची बाग. चार गावांतल्या चार मुली आणि ही, अशी पाच जणींची टीम होती. एकमेकींना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं, पण रोज ऑनलाइन खेळात एकत्र लढायच्या. मे महिन्यात तीन रविवारी निवडफेऱ्या होत्या. निवड झाली की इंदूरला सहा महिने सराव, राहणं-जेवण आयोजकांचं, पुढं मोठ्या स्पर्धा. तिच्या वडिलांनी फार विचार करून होकार दिला होता, पण अट घालून.

"बाबा म्हणाले, एक डाव," प्रणालीनं सांगितलं. "निवड झाली तं जाय. नाही झाली तं मुकाट्यानं बी.एड. कर."

"अन तुले का वाटते?"

"मले बी.एड. नाही करायचं भाऊ."

भाऊंनी दोन्ही कार्डं टेबलावर मांडली. एक चांगलं हातभर लांब आणि जड, दुसरं त्याच्या निम्म्याएवढं.

"पाय, हे दोनही ऑफिसचे कार्ड हायत. पुलाचे, बिल्डिंगचे नकाशे काढाले बनवले, खेळाले नाही. नवं घेतलं तं तुझ्या बापाची अर्धी बाग जाईन. पण जुने झाले का खेळणारे लोकं यायले हात लावत नाहीत, म्हणून आपल्याले परवडते. हे मोठं जुन्या पिढीचं, ताकद जास्त, करंटही जास्त खाते. हे लहान नव्या पिढीचं, अर्ध्या करंटात चालते, पण जरा हळू. कोणतं घेण्यासारखं, ते मी तपासून सांगतो. मले एक महिना दे."

एप्रिलभर निळी गाडी पुलावरून येत-जात राहिली. सकाळी मोठं कार्ड, दुपारी लहान. दुसऱ्या दिवशी उलट. माझ्या कानांना त्या गाडीच्या इंजिनाचा इतका कंटाळा आला की मी फॉर्मवर अर्जदाराच्या नावाऐवजी दोनदा दीपस्तंभ लिहिलं. महिनाअखेर चौदा लग्नपत्रिका भरल्या आणि भाऊंनी निकाल दिला. मोठं कार्ड जवळजवळ दीडपट चालत होतं आणि किंमत काही दीडपट नव्हती. "मोठं घे. डोळे मिटून घे." हे शेवटचे शब्द मी प्लायवूडच्या अलीकडून स्पष्ट ऐकले. एरवी ते असं कधी बोलत नसत.

प्रणाली मोठं कार्ड घेऊन गेली आणि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर घेतला. पोरीचा आवाज रडवेला होता. वीस मिनिटं खेळ चांगला चालला आणि मग पडदा थबकायला लागला. समोरचा माणूस इथं दिसायचा तोवर तो तिथं पोहोचलेला. तिच्यामुळे पूर्ण टीम मोठ्या फरकानं हरली.

"नेट पाय तुझं," भाऊ म्हणाले.

"नेट ठीक हाय भाऊ. मी आधीच चेक केलं."

"नाही, नेटच असन. कार्ड मी महिनाभर तपासलं."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पेचकस बोटात फिरवत बसले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पोरगी रडत होती आणि हा माणूस आपलाच हेका चालवत होता. मी झरोक्यातून म्हटलं, "भाऊ, तुमच्याच टेबलावर येऊ दे म्हणता न? मंग तिच्या टेबलावर जाऊन पाहा न एकदा." त्यांनी पेचकस खिशात टाकला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून माझ्यासमोर उभे राहिले. पिशवीत लहान कार्ड, जिनिंगमधलं भिंतीवरचं जुनं थर्मामीटर आणि उन्हासाठी डोक्याला दुपट्टा. मलाही सौसरला काम होतं, म्हणून मीही निघाले. काम काही फार महत्त्वाचं नव्हतं, हे इथं कबूल करते.

सौसरला बस बदलून आम्ही बोरगावला पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. भाऊंनी मुद्दामच दोन वाजेपर्यंत खाली ओसरीत बसून काढले. म्हणाले, सामना दोनला होता, मीही दोनलाच पाहणार. मग आम्ही जिना चढून वर गेलो. माडीवर एकच खोली, पश्चिमेकडे खिडकी आणि वर टिन. आत पाऊल टाकताच भट्टीसमोर आल्यासारखं झालं. मी तर दारातच थांबले. प्रणाली रोज त्या खोलीत चार-चार तास बसत होती.

भाऊंनी थर्मामीटर खिळ्याला अडकवलं, प्रणालीच्या कॉम्प्युटरवर निळी गाडी काढली आणि निघाले. बाजार, पूल, दिवा, परत. अकरा मिनिटं, सगळं ठीक. त्यांनी विजयानं प्रणालीकडे पाहिलं.

"भाऊ, आमचा सामना चाळीस मिनिटं चालते," ती हळूच म्हणाली.

भाऊंनी गाडी पुन्हा बाजाराकडे वळवली. दुसऱ्या फेरीत पुलावर आकडा घसरायला लागला. तिसऱ्या फेरीत गाडी धक्के खात चालली होती आणि कार्डाचा पंखा असा किंचाळत होता की खालून प्रणालीची आई वर आली. भाऊंनी पेचकस कानाला लावला आणि लगेच काढला. ऐकण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"खाली कूलर हाय न?" त्यांनी विचारलं. "तो वर आणता येईन?"

"कूलरले पाणी कुठून आणू भाऊ?" आई म्हणाली. "नळ चौथ्या दिवशी येते. प्यायचंच पुरत नाही."

 घामानं भाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमचा कूलर सकाळी कधी सुरू होते?"

"दुकान उघडलं की."

"अन बंद?"

"दुकान बंद केलं की."

"मंग मी महिनाभर काय तपासलं?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर समजलं. ते टेबल, तो झरोका, उघडं ठेवलेलं कॅबिनेट, आणि थेट त्याच्या पोटात शिरणारा माझा वारा. मोठं कार्ड जास्त करंट खाऊन तापतं आणि तापलं की आपोआप हळू होतं, पण आमच्याकडे ते तापायच्या आधीच गार व्हायचं.

"मी कार्ड नाही तपासलं पोरी," भाऊ म्हणाले. "मी ताईचा कूलर तपासला. तेही अकरा मिनिटं."

 त्यांनी मोठं कार्ड काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि लहान बसवलं. मग पन्नास मिनिटं त्या टिनाखाली बसून तीच गाडी चालवली. आकडा सुरुवातीला मोठ्यापेक्षा कमी होता, पण शेवटपर्यंत तिथून हलला नाही. "हळू हाय," ते म्हणाले, "पण जिथं बसलं तिथून उठत नाही. तुझ्या खेळाले एवढं पुरते. हे ठेव." खाली आल्यावर प्रणालीच्या आईनं ताक दिलं. भाऊंनी तीन ग्लास पिऊन टाकले आणि परतीच्या बसमध्ये पांढुर्ण्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. मी दोनदा विषय काढला, दोनदा ते "हो" म्हणाले.

दुसरा रविवार प्रणालीची टीम जिंकली. तिसराही जिंकली. तीन रविवारांची बेरीज झाली तेव्हा त्यांचा नंबर निवड झालेल्यांच्या लगेच खाली लागला. पहिल्या रविवारी एवढा मार बसला नसता तर पाचही जणी इंदूरला गेल्या असत्या.

हे समजलं त्या दिवशी भाऊंनी एका खोक्याचा मोठा पुठ्ठा फाडला. त्यावर ठळक अक्षरांत दोन्ही कार्डांचे आकडे लिहिले, एका बाजूला कूलरच्या वाऱ्यात, दुसऱ्या बाजूला वाऱ्याशिवाय, खाली फेरीची मिनिटं. तळाशी लिहिलं, "पहिला निकाल चूक होता. चूक दुकानदाराची." आणि तो पुठ्ठा त्यांनी झरोक्यावर चार खिळे मारून ठोकला. माझा वारा बंद. मी म्हटलं, "भाऊ, चूक लिहायला दुसरी भिंत नव्हती का?" ते म्हणाले, "हेच भोक तं चूक होतं." आपली चूक दुकानात टांगणारा दुकानदार पांढुर्ण्यानं आधी पाहिला नसावा. लोक हसले, काही गिऱ्हाइकं तुटलीही. भाऊंचं मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. एक मात्र खरं, त्यांच्याइतका घाम मला गाळायचा नव्हता, म्हणून मी माझा कूलर दिवसभर सुरू ठेवला.

पुढचं मला प्रणालीनं सांगितलं. भाऊ एक दिवस एकटेच बोरगावला गेले. तिचे वडील बागेत होते. भाऊ चपला हातात घेऊन ओल्या वाफ्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचले. मग म्हणाले, "तुमची पोरगी नाही हरली. मी हरलो. मी चुकीचं कार्ड देल्लं. तुम्ही एक डाव म्हटला होता, तो डाव तिचा मोजू नका. माझा मोजा."

तिचे वडील मितभाषी माणूस. त्यांनी आधी भाऊंना झाडाच्या सावलीत बसवलं. संत्र्याला वर्षातून दोनदा फुलं येतात, उन्हाळ्याआधीचा आंबिया बहार आणि पावसाळ्यातला मृग. कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, हे बागवाला पाण्याकडे पाहून ठरवतो. ते म्हणाले, "आंबिया गेला का आम्ही मृग धरतो न भाऊ. झाड थोडंच तोडतो? धरू द्या तिले मृग."

परत आल्यावर भाऊंनी मला एवढंच सांगितलं, "बाप भला माणूस हाय." आणि वात वळायला लागले.

हिवाळ्यात पुन्हा निवडफेरी झाली. प्रणाली त्याच लहान कार्डावर, त्याच खोलीत खेळली आणि पाचही जणींची निवड झाली. ती आणि तिचे वडील संत्र्याची पेटी घेऊन दुकानात आले. मी कागद बाजूला सारून पलीकडे धावले, माझे तर डोळे भरून आले होते. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एक संत्रं सोललं, सगळ्यांना फोडी दिल्या. आणि मग म्हणाले, "पण हा थंडीतला निकाल हाय. डिसेंबरात तं माझं मोठंही चाललं असतं."

"भाऊ, आता तरी सोडा न ते," प्रणाली म्हणाली.

"सोडतो. उन्हाळ्यात पाहून सोडतो."

मला वाटलं, गंमत करताहेत. ती इंदूरला गेली. तिच्या जागेवर भाऊंना दुसऱ्या पोरी फोन करायला लागल्या, कारण तिनं तिथल्या मैत्रिणींना नंबर दिला होता. भाऊ प्रत्येकीला खोलीची दिशा विचारायचे, टिन की स्लॅब विचारायचे, नळ कितव्या दिवशी येतो तेही विचारायचे. नागपूरहून तसलीच आणखी दोन जुनी ऑफिसची कार्डं त्यांनी आणवली.

मे महिना आला. डॉक्टरांनी त्यांना उन्हात फिरू नका, तापू नका असं बजावलं होतं. छातीत दुखायचं त्यांच्या. त्यांची बैतूलची मुलगी मला फोनवर म्हणायची, "मावशी, बाबांवर लक्ष ठेवा." मी लक्ष ठेवायची म्हणजे रागवायची. दुसरं काही मला जमत नाही.

मेमधल्या एका दुपारी दोनच्या सुमारास पलीकडून निळ्या गाडीचा आवाज येत होता. बाजार, पूल, दिवा. मी मोजत नव्हते, पण अकरा वर्षांत कान तयार झालेले असतात. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. मी उठून पाहायला गेले. भाऊंनी शटर अर्धं ओढून घेतलं होतं. पंखाही बंद. टेबलावर टिनाचा एक पत्रा चार विटांवर ठेवून त्याखाली त्यांनी कॅबिनेट ठेवलं होतं. बनियन घामानं ओलं, दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला, थर्मामीटर खिळ्याला, आणि एका हातात लग्नपत्रिका. पडद्यावर गाडी लाल सिग्नलला थांबली होती.

"भाऊ, मरायचं आहे का?" मी ओरडलेच. "चला माझ्याकडे, कूलरसमोर बसा. नाही तर हा पुठ्ठा मी आता उपटून टाकते."

त्यांनी मान वर केली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज नेहमीसारखाच. "नका उपटू ताई. बालाघाटची एक पोरगी हाय, तिले परवा सांगायचं हाय कोणतं घे म्हणून."

"मग सकाळी पाहा. संध्याकाळी पाहा."

"पोरगी दुपारी खेळते."

 मी त्यांना पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी अर्धी प्यायली आणि अर्धी दुपट्ट्यावर ओतली. मी निघाले तेव्हा ते जरा संकोचानं म्हणाले, "ताई, एक सांगू? तुमच्या कूलरचा वारा त्या पुठ्ठ्याच्या फटीतून येऊनच राहिला. आकडा थोडा जास्त दाखवते."

महिन्याभरात मुलगी येऊन त्यांना बैतूलला घेऊन गेली आणि पावसाळ्यात ते तिथंच वारले. मुलगी त्यांना गाडीतून घेऊन गेली तेव्हाही मी पाहायला जाऊ शकले नाही, फॉर्मची शेवटची तारीख होती. म्हणून माझ्यासाठी ते त्या दुपारचेच राहिले. त्या दुपारी मी माझ्या दुकानात परत आले, काउंटरवर आठ-दहा माणसं रुमालानं वारा घेत उभी होती. मी कूलर बंद केला. लोक कुरकुरले, एकानं विचारलं, "लाइट गेली का?" मी म्हटलं, "थांबा जरा, वीस मिनिटं." प्लायवूडच्या पलीकडे गाडी पुन्हा पुलाकडे निघाली.